नाहीबाईंचा हिवाळा

"बरं वाटतंय का?" असं नाहीबाईंना विचारणं म्हणजे आपण होऊन भांडण अंगावर ओढवून घेणं. विचारणारा कोण आहे हे त्या बघत नसत. शेजारीण असो, नवरा असो, बसमधला अनोळखी म्हातारा असो, "तुम्हाला काय करायचंय?" हे एकच उत्तर ठरलेलं, आणि तेही अशा आवाजात की समोरचा पुन्हा त्या वाटेला जात नसे. लोक म्हणत, बाई माणूसघाणी आहे. लोकांचं काय जातं म्हणायला! वर्षातले पाच महिने जिला सकाळी दुसरा मोजा पायात चढवणं जिवावर येतं, तिने हा प्रश्न हसून झेलावा असं ज्यांना वाटतं त्यांनी आधी स्वतः तसा एक हिवाळा काढून दाखवावा.

नाव त्यांना कारखान्यातल्या बॉयलरवाल्याने दिलं होतं. कारखाना शिवणाचा दोरा रंगवायचा. गिऱ्हाइकाने पाठवलेल्या नमुन्याशी रंगवलेला दोरा जुळतो की नाही, हे सांगायचं काम बाईंचं. त्या "हो" म्हणाल्या की माल बाहेर, "नाही" म्हणाल्या की परत टाकीत. एकोणीस वर्षं हेच. इतरांना जे दोन निळे रंग एकच दिसत त्यात बाईंना सासू-सुनेइतका फरक दिसे, आणि रंगारी कितीही हातापाया पडले तरी त्या बधत नसत. त्यांचं खरं नाव आता फक्त पगाराच्या चिठ्ठीवर उरलं होतं.

त्यांच्या खोलीला खिडकी नव्हती. ऊन तासातासाला बदलतं, त्यात रंग फसवतो, म्हणून खिडकीच ठेवलेली नव्हती. भिंती राखाडी, छत राखाडी, टेबल राखाडी, बाईंचा एप्रनही राखाडी, कारण रंगीत भिंतीची झाक दोऱ्यावर पडते. टेबलावर समोरून उघडी अशी एक मोठी पेटी. तिच्या छतात दिवे, आणि दिव्यांपुढे पट्टी अशी की उजेड दोऱ्यावर पडावा, डोळ्यात जाऊ नये. लाल स्वेटर घातलेल्या माणसाला दारातूनच परत पाठवत. कामाला बसण्याआधी बाई दहा मिनिटं डोळे मिटून अंधारात बसत, कारण बाहेरच्या उजेडाने डोळा विटतो. हा त्यांचा नेम होता आणि त्याचा त्यांना गर्व होता. गाव पार उत्तरेला, हिवाळ्यातला दिवस जेमतेम आठ तासांचा; त्या दिवसांत त्या सूर्य उगवायच्या आत खोलीत शिरत आणि मावळल्यावर बाहेर पडत.

दिवस आखडायला लागले की सुरू व्हायचं. आधी झोप. अकरा तास झोपूनही अंग दगड. मग खाखा, त्यातही गोड आणि पाव. मग पलंगाच्या कडेला बसून राहणं, एक मोजा पायात, एक हातात, आणि वीस-वीस मिनिटं नुसतं त्या हातातल्या मोज्याकडे बघणं. रडू नाही, काही नाही. फक्त सगळ्या जगाचा संताप, आणि त्याहून जास्त स्वतःचा. मग दिवस मोठे झाले की एखाद्या आठवड्यात सगळं निघून जायचं आणि बाई उन्हात गाद्या टाकताना दिसायच्या. गंमत अशी, की एकदा बरं वाटलं की मागचं सगळं खोटं वाटायचं. आपण उगाच बाऊ केला असं त्या स्वतःच म्हणायच्या. त्यामुळे दर हिवाळा त्यांना बेसावध गाठायचा.

डॉक्टर काही कमी झाले नव्हते. पहिल्याने रक्तवाढीचं टॉनिक दिलं. दुसऱ्याने झोपेच्या गोळ्या दिल्या, म्हणजे अकरा तास झोपणाऱ्या बाईला बाराव्या तासाची सोय. तिसरा म्हणाला, वयाचा परिणाम आहे. बाईंना हे पहिल्यांदा झालं तेव्हा त्या एकोणतीस वर्षांच्या होत्या, पण ते त्याने विचारलंच नाही. चौथ्याने खरंच मनावरची गोळी दिली होती, पण हिवाळा सरत आल्यावर. महिन्याभरात ऊन आलं, बरं वाटलं, बाईंनी गोळी फेकून दिली. पुढच्या हिवाळ्यात अगदी तळाला गेल्यावर ती पुन्हा सुरू केली, दहा दिवस वाट पाहिली आणि "काडीचा उपयोग नाही" म्हणून डबी कचऱ्यात टाकली. त्यानंतर डॉक्टर या शब्दानेच त्यांचं पित्त खवळायचं. नातेवाईक तर फुकटचे डॉक्टर. मन रमव, फिरायला जा, आमच्याकडे बघ. बाईंनी एकेकाकडे असं काही बघितलं की ते लोक यायचेच बंद झाले.

त्या वर्षी, दिवस नुकते लहान होऊ लागले होते, तेव्हा मॅनेजरने बोलावलं. हा मॅनेजर नवा, बाईंपेक्षा पंधरा वर्षांनी लहान, आणि पिवळ्या टायचा शौकीन. त्या मजल्यावर खिडकी असलेली खोली एकट्या त्याची. तो खिडकीला पाठ करून बसला होता आणि सगळं ऊन बाईंच्या तोंडावर येत होतं.

"बसा बाई. हे बघा." त्याने एक कागद सरकवला. पाच वर्षांचा आलेख. बाईंनी परत पाठवलेल्या मालाची रेघ. ती वर्षभर सरळ चालायची आणि हिवाळ्यात उंटासारखी पाठ काढायची. पाच वर्षांत पाच पाठी.

"हिवाळ्यात तुम्ही दुप्पट माल परत पाठवता. त्यातला निम्मा मी बाहेर तपासून घेतला. चांगला होता."

"मग बाहेरच्यांनाच ठेवा कामाला."

"तेच बघतोय," तो म्हणाला. "दोऱ्याला हिवाळा लागत नाही बाई. तुम्हाला लागतो."

बाईंच्या डोक्यात तिडीक गेली. तोंडावर द्यायला त्यांच्याकडे हजार शब्द होते, पण त्या कागदावरच्या पाठी मोजत बसल्या. कारण तो खरं बोलत होता. हिवाळ्यात पेटीपुढे बसलं की सगळाच माल त्यांना मळका दिसे, आणि "नाही" हा शब्द डोळ्याची वाट न पाहता तोंडातून बाहेर पडे. हे त्यांनी कधी कोणाला सांगितलं नव्हतं.

"माझं सरळ म्हणणं आहे," मॅनेजर म्हणाला. खिडकीच्या कठड्यावर एक ट्रे होता, त्यात पुठ्ठ्यावर गुंडाळलेल्या दोऱ्यांच्या जोड्या. "वीस जोड्या केल्यात मी, स्वतःच्या हाताने. काही वेगवेगळ्या मालाच्या, काही एकाच कोनावरच्या, म्हणजे एकाच मोठ्या रिळाच्या. ऐन हिवाळ्यात, सगळ्यात लहान दिवसाच्या आठवड्यात, मी येईन तुमच्या खोलीत. एकाच कोनावरच्या जोडीला 'नाही' किंवा वेगळ्या जोडीला 'हो' असं एकदा जरी म्हणालात, तर दुसऱ्या दिवसापासून पॅकिंगच्या हॉलमध्ये."

पॅकिंगच्या हॉलमध्ये म्हणजे खोक्यांना चिकटपट्टी लावायला. एकोणीस वर्षांच्या डोळ्याला चिकटपट्टी! बाईंनी टेबलावरचा कागद उचलला.

"तो माझा आहे," मॅनेजर म्हणाला.

"माझी बदनामी आहे, मीच नेणार," म्हणून त्या निघाल्या.

घरी नवऱ्याने कागद वाचला. तो बसच्या डेपोत मेकॅनिक. बोटांतलं काळं तेल कधी न जाणारं, आणि बोलणंही तितकंच चिकट. त्याने कागद उजेडात धरला, पाठी मोजल्या, आणि म्हणाला, "एखादी गाडी दर वर्षी त्याच आठवड्यात बंद पडली, तर आम्ही तिला नाटकी म्हणत नाही. बिघाड शोधतो."

"मी गाडी नाही."

"गाडी बरी. ती उलटून बोलत नाही. डॉक्टरकडे चल."

"पाच झाले डॉक्टर!"

"चार. आणि चारही तू स्वतःच काढून टाकलेस."

"तुम्हाला काय त्रास होतो हो? बसते ना मी माझी गुपचूप?"

नवऱ्याने कागद टेबलावर ठेवला. एरवी तो अशा वेळी उठून जायचा. त्या दिवशी उठला नाही.

"एक सांगू? लग्नाला बावीस वर्षं झाली. त्यातला मी दर वर्षी सात महिनेच संसार केलाय. उरलेले पाच महिने या घरात तुझ्यासारखी दिसणारी एक बाई असते आणि ती माझा राग राग करते. बाकीच्या महिन्यांत मी तुला काही बोलत नाही, कारण तेवढेच मिळतात."

बाईंनी भांडं आपटलं. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः जाऊन मनाच्या डॉक्टरांची वेळ घेतली, आणि नवऱ्याला येऊ दिलं नाही.

डॉक्टरीणबाईंना सर्दी झालेली. दोन शिंकांच्या मधे त्यांनी कागद हातात घेतला आणि बराच वेळ खाली ठेवलाच नाही.

"हा कोणी काढला?"

"माझ्या वैऱ्याने."

"त्याला माझे आभार सांगा. लोक मला वर्षानुवर्षं 'अधूनमधून होतं' एवढंच सांगतात. याने तारखा दिल्यात."

मग प्रश्न. झोप किती, भूक कशाची, कधी सुरू, कधी बंद. उन्हाळ्यात कधी उलट होतं का, म्हणजे झोपच नको, पैसे उधळावेत, बोलणं थांबू नये असं? नाही. मरून जावंसं वाटतं का? हा प्रश्न डॉक्टरीणबाईंनी शिंक आवरून, सरळ डोळ्यात बघून विचारला.

"मरावंसं नाही वाटत," नाहीबाई म्हणाल्या. "उठावंसं वाटत नाही."

"वाटलं तर त्याच दिवशी मला कळवायचं. वेळ घेऊन वगैरे नाही. कळलं?"

इतक्या वर्षांत त्यांना हे कोणी विचारलं नव्हतं. त्यांना त्याचाही राग आला, पण कोणाचा ते समजेना. रक्ताची तपासणी, डोळ्यांची तपासणी झाली, दोन्ही ठीक निघालं. मग डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, की हे खरं दुखणं आहे, स्वभाव नाही. सकाळचा उजेड डोळ्यात जाऊन शरीराला दिवस उगवल्याची खूण देतो. काहींच्या बाबतीत हिवाळ्यात ती खूणच पोचत नाही. त्यावर दोन गोष्टी. एक गोळी, जिला गुण यायला चार ते सहा आठवडे लागतात, आणि जी बरं वाटलं म्हणून मनाने थांबवायची नाही. आणि दुसरा, यासाठीच बनवलेला मोठा पांढरा दिवा, रोज सकाळी उठल्या उठल्या अर्धा तास.

"दिवा!" नाहीबाई कडाडल्या. "अहो, मी रोजचे आठ तास दिव्यापुढे बसते! दिव्याने बरं व्हायचं असतं तर मी आतापर्यंत नाचत असते!"

डॉक्टरीणबाईंना कारखान्याची काय कल्पना. त्यांनी एवढंच म्हटलं, "हा दिवा वेगळा असतो. करून तर बघा," आणि पुढची शिंक दिली.

नवऱ्याने दिवा आणला. बाईंनी तो मांडला, आणि कसा? एकोणीस वर्षं हाताला जे वळण होतं तसाच. फळीवर, डोक्याच्या वर, तिरका. पुढे राखाडी पुठ्ठ्याची पट्टी, डोळ्यात चमक नको म्हणून. उजेड सगळा टेबलावर. टेबल लख्ख, बाई सावलीत. शिवाय अर्धा तास झाला की दहा मिनिटं डोळे मिटून बसणं चालूच, कारण पुढे कामावर जायचं, डोळा विटायला नको. रोज, न चुकता, डोळ्यात तेल घालून त्यांनी हा उपचार केला. तीन आठवडे झाले. मोजा हातातच. परीक्षा पाच आठवड्यांवर आली. पेटीपुढे माल पुन्हा मळका दिसायला लागला. एका दिवशी त्यांनी चौदा माल परत पाठवले आणि पंधरावा हातात धरून त्या नुसत्या बसून राहिल्या. त्यांना खरोखर कळेना, की दोरा खराब आहे की आपण. ती भीती त्यांनी आयुष्यात कधी अनुभवली नव्हती. डोळा गेला तर आपल्याकडे उरतं काय?

दुसऱ्या दिवशी त्या वेळ न घेताच डॉक्टरीणबाईंच्या दारात उभ्या राहिल्या.

"तुमचा दिवा चुलीत घाला," त्या म्हणाल्या. "आणि गोळीपण."

"गोळीला अजून वेळ आहे, ते सांगितलं होतं. दिवा कसा लावता?"

"लावतात तसाच."

"करून दाखवा. हा टेबल, ही माझी फाइल म्हणजे दिवा."

बाईंनी फाइल उचलून कपाटावर तिरकी ठेवली, पुढे दुसऱ्या फाइलची पट्टी लावली, खुर्चीत बसून मान खाली घातली. डॉक्टरीणबाई बघतच राहिल्या. मग त्या इतक्या मोठ्याने ओरडल्या की बाहेरच्या बाकावरचा रुग्ण आत डोकावला.

"अहो, तुम्ही टेबलावर उपचार करताय!"

"डोळ्यात उजेड गेला तर डोळा..."

"डोळ्यातच जायला हवा! तुमचे डोळे मी तपासून घेतलेत, त्यांना काही होणार नाही. समोर ठेवा, हातभर अंतरावर. टक लावून बघायचं नाही, पण तोंड तिकडे आणि डोळे उघडे. पट्टी काढा. नंतर अंधारात बसणं बंद. आणि दुपारच्या सुट्टीत त्या खोलीतून बाहेर पडा, अंगणात उभं राहा, काहीही करा. एकोणीस वर्षं तुम्ही उजेड दोऱ्याला दिलात, स्वतःला कधी देणार?"

आयुष्यात पहिल्यांदा नाहीबाईंवर कोणी ओरडलं होतं. त्या तडक घरी आल्या आणि पुठ्ठ्याची पट्टी टराटरा फाडली.

पहिल्या सकाळी डोळ्यांत पाणी आलं आणि त्यांनी दिव्याला शिव्या दिल्या. दुसऱ्या सकाळी नवरा समोर चहा घेऊन बसला, त्यालाही दिल्या. अंगणातल्या उजेडाने डोळा विटेल या धास्तीने त्या दुपारी सुट्टी संपायच्या बऱ्याच आधी परत येत, आणि खोलीत आल्यावर नमुन्याच्या राखाडी कार्डाकडे बघत बसत. तेवढ्याने डोळा ताळ्यावर येतो हे त्यांना नव्याने कळलं. जादू वगैरे काही झाली नाही. दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी एका सकाळी बाई दाराशी पोचल्या आणि खाली बघितलं, तर दोन्ही पायांत मोजे होते. कधी घातले ते आठवेना. त्या तशाच दोन मिनिटं उभ्या राहिल्या आणि मग बस चुकेल म्हणून नवऱ्यावर खेकसल्या. त्यानंतरही वाईट दिवस आले, पण एकाला लागून एक आले नाहीत.

सगळ्यात लहान दिवसाच्या आठवड्यात मॅनेजर ट्रे घेऊन आला.

"टाय काढा," बाई म्हणाल्या.

"काय?"

"पिवळा आहे. दोऱ्यावर झाक पडते. बाहेर ठेवून या."

टाय बाहेर गेला. मॅनेजर पेन्सिल घेऊन खुर्चीमागे उभा राहिला. पहिली जोडी, हो. दुसरी, नाही. तिसरी, नाही. चौथी, हो. बाईंचा आवाज सपाट होता. बाराव्या जोडीला फिकट गुलाबी दोरा आला. बाईंनी दोन्ही पुठ्ठे शेजारी ठेवले.

"नाही."

मॅनेजरची पेन्सिल थांबली. "नक्की?"

"नाही म्हणजे नाही."

"बाई," तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजात दया होती, ती बाईंना त्याच्या रागाहून जास्त झोंबली. "ही जोडी एकाच कोनावरची आहे. मी स्वतः गुंडाळली. सॉरी."

हे "नाही" कुठून आलं? डोळ्यातून की हिवाळ्यातून? गेल्या पाच वर्षांच्या पाच पाठी बाईंना समोर दिसल्या. अजूनही "हो, चूक झाली" म्हणता आलं असतं, हातापाया पडता आलं असतं. त्यांनी राखाडी भिंतीकडे बघितलं, दहापर्यंत मोजलं, आणि पुन्हा दोऱ्याकडे वळल्या. माल मळका दिसत नव्हता. दोन्ही दोरे स्वच्छ दिसत होते. उजव्याचा फक्त रंग उडालेला होता.

"नाही," त्या तिसऱ्यांदा म्हणाल्या. त्यांनी उजवा पुठ्ठा उचलला, उलटा केला आणि डाव्याशेजारी ठेवला. मागची बाजू डाव्याशी तंतोतंत जुळली. मग तो पुन्हा सुलट केला. फिका.

"कच्चा गुलाबी आहे हा, उन्हाने उडतो. ट्रेमध्ये सगळ्यात वर होता ना? तीन महिने तुमच्या खिडकीत?"

मॅनेजर वाकून बघायला लागला. त्याने स्वतः पुठ्ठा उलटा केला, सुलटा केला, पुन्हा उलटा केला.

"मला काही फरक दिसत नाही," तो शेवटी म्हणाला, पण हळू.

"म्हणूनच तुम्ही मॅनेजर आहात. उरलेल्या आठ बघायच्यात की पुरे झालं?"

आठही बघितल्या. एकही चुकली नाही. मॅनेजरने खाली सही केली, बारावीवर फुली मारली होती ती खोडली आणि टाय न घेताच निघून गेला. माफी त्याने मागितली नाही, बाईंनी त्याची वाटही पाहिली नाही. त्यांनी टाय दाराच्या कडीला बांधून ठेवला, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असा.

चार वाजून गेले होते आणि बाहेर उजेड संपत आला होता. फाटकाशी नवरा उभा होता, डेपोतून परस्पर आलेला, हात खिशात. ऐन हिवाळा, म्हणजे त्याच्या हिशेबात न मिळणाऱ्या पाच महिन्यांचा अगदी मध्य. बाईंचा चेहरा बघून त्याला काही अंदाज येईना. तो बिचकला, आणि बावीस वर्षांत जे तोंडातून काढायचं नाही असं शिकला होता तेच नेमकं बाहेर पडलं.

"बरं वाटतंय का?"

नाहीबाई थांबल्या. नवऱ्याने सवयीने मान थोडी मागे घेतली.

"हो," त्या म्हणाल्या. "चला आता, बस जाईल."